'दाल' म्हणजे दार, डाळ, गाल की गार? बोबडे बोल ओळखायची आणि त्यांना उत्तर द्यायची रीत

दोन वर्षांचं मूल 'दाल' म्हणालं, तर मराठी घरात त्याचे निदान चार अर्थ निघतात: दार, डाळ, गाल आणि गार. 'ग' आणि 'ड' दोघांच्या जागी 'द' बसतो, 'र' आणि 'ळ' दोघांच्या जागी 'ल', आणि चार धडधाकट शब्द एकाच खुंटीला येऊन लटकतात. मुलाच्या मनात ते चारही वेगळेच असतात. म्हणून तर दार उघडायला सांगितल्यावर कोणी वरणाची वाटी पुढे केली की ते भोकाड पसरतं. आपण त्याला हट्टी म्हणतो. खरं तर समोरचा इतका मठ्ठ कसा, हा त्याचा प्रश्न असतो.

बोबड्या बोलांत गंमत आहे तितकीच शिस्तही आहे. ती शिस्त एकदा कळली की निम्मं बोलणं आपोआप उलगडतं, आणि उत्तर कसं द्यायचं तेही सुचतं.

कोणत्या अक्षराच्या जागी काय येतं

क, ख, ग, घ ही अक्षरं जिभेचा मागचा भाग टाळूला लावून होतात. ती जागा मुलाला दिसत नाही. त, द मात्र दातांपाशी होतात; जीभ कुठे लागते ते दिसतं आणि जमतंही. म्हणून काका 'ताता' होतात, कावळा 'तावला' आणि 'कडेवर घे'चं 'तदेवल दे'.

इथे जरा थांबा, कारण याच एका बदलातून रोजची सगळ्यात मोठी भांडणं होतात. 'घे' आणि 'दे' या दोन्हींचा उच्चार 'दे'. मूल हातातला चेंडू पुढे करून 'दे, दे' म्हणत असेल, तर त्याला 'घे' म्हणायचं असतं. आपण म्हणतो, 'अरे, तुझ्याच हातात आहे की!' आणि चेंडू घेत नाही. चेंडू जमिनीवर आपटतो. हात पुढे येतोय की मागे खेचला जातोय एवढं पाहिलं तरी हा तंटा मिटतो.

ख, घ, भ, ढ यांत अक्षरासोबत श्वासाचा झोत सोडावा लागतो. तो नेमक्या क्षणी सोडणं अवघड, म्हणून भात 'बात' होतो आणि दाढी 'दाडी'. आता गाडीचीही 'दाडी'च होत असल्यामुळे 'बाबाची दाडी' हे वाक्य ऐकल्यावर बाबांची हनुवटी आणि पार्किंग, दोन्हीकडे पाहायची तयारी ठेवा.

'र' साठी जिभेचं टोक थरथरावं लागतं आणि 'ळ' साठी ते मागे वळवून आपटावं लागतं. दोन्ही 'ल'वर भागवले जातात: बाळ–बाल, पोळी–पोली, राजा–लाजा. काही मुलं 'र' गाळूनच टाकतात. 'ण'चा 'न' होतो. जोडाक्षरातलं एक अक्षर गळतं: ब्रश–बश, श्रीखंड–शिकंद, प्राणी–पानी. (म्हणजे 'पानी' मागितलं तर पेला आणि प्राण्यांचं पुस्तक दोन्ही जवळ असलेलं बरं.) लांब शब्दाचं पहिलं अक्षर उडतं, शेपूट उरतं: टरबुजाचं 'बूज', मोबाइलचं 'बाईल'. शिवाय एका शब्दातली सगळी अक्षरं एकमेकांसारखी करून टाकायची खोड असते, त्यामुळे बटाटा 'तताता' होतो.

अक्षरांची अदलाबदलही खूप ऐकू येते: खिडकीची 'खिकडी', चाकूचा 'काचू'. यावर फार हसू नये. बादलीला बालदी आणि नुकसानाला नुसकान म्हणणारी मोठी माणसं प्रत्येक गावात आहेत.

मुलाला फरक कळतो की नाही हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. मूल काकाला 'ताता' म्हणत असेल, तर तुम्हीही गंभीर चेहऱ्याने म्हणा, 'ताता आले का?' बहुतेक मुलं चिडून दुरुस्त करतात: 'ताता नाही, ताता!' तुमची चूक त्यांना ऐकू येते. स्वतःच्या तोंडून बरोबर निघत नाही, एवढंच. मात्र ही चाचणी एकदाच. रोज केली तर ती चेष्टा होते.

क, ग, त, द, प, ब, म, न ही अक्षरं साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत जागेवर येतात. र, ळ, ण आणि जोडाक्षरं पाच-सहा वर्षांपर्यंत रेंगाळली तरी चालतं. आणि घरात कोणती मराठी आहे तेही लक्षात घ्या. अकोला-अमरावतीकडे घरातच 'डोया' आणि 'पानी' म्हणत असतील, तर मुलाचा 'डोया' हा बोबडा नाही, ती त्याची घरची बोली आहे. पुण्याच्या पाळणाघरातल्या ताईंना हे आधी सांगून ठेवावं.

कळलं नाही तर

कळल्याचं नाटक करू नका. 'हो का? अरे वा!' म्हणून वेळ मारून नेली की मुलाला ते लगेच समजतं. पुढच्या वेळी ते बोलण्याऐवजी हात धरून ओढतं किंवा किंचाळतं. त्याऐवजी हा क्रम पाळून पाहा:

१. खाली बसा, तुमचं तोंड त्याच्या तोंडासमोर येईल असं. उभ्याने विचारलेला प्रश्न दोन वर्षांच्या मुलासाठी गच्चीवरून आल्यासारखा असतो.

२. शब्द ऐकण्याआधी नजर कुठे आहे ते पाहा. दाराकडे पाहत 'दाल' म्हटलं असेल तर पुढचं कोडं उरतच नाही. मग हात पाहा, मग वेळ. जेवायच्या ताटावर 'दाल' म्हणजे बहुधा डाळ, पण वाटीला बोट लावून म्हटलं असेल तर 'गार'.

३. दोन पर्याय द्या, जास्त नकोत: 'दार उघडू? की डाळ वाढू?' प्रत्येक पर्याय बोलताना त्या वस्तूकडे बोट करा.

४. तरीही जमलं नाही तर सरळ सांगा, 'मला नाही कळलं. चल, दाखव.' आणि खरंच उठून त्याच्या मागे जा.

एकदा-दोनदा विचारून सोडून द्या. 'परत सांग, परत सांग, नीट सांग' हा घोष सुरू झाला की मूल मुकं होतं.

घरात एक शब्दवही ठेवावी. साधी दोनशे पानी, चार रकाने: तारीख, मूल जसं म्हणालं तसं, अर्थ, आणि कुठे-केव्हा. 'बूज – टरबूज – फळवाल्याच्या गाडीपाशी' एवढी नोंद पुरे. उच्चार सुधारून लिहू नका; 'कावळा' लिहिलं तर वहीचा उपयोग संपला, 'तावला'च लिहा. या वहीचा पहिला फायदा आजी-आजोबा आणि मुलाला सांभाळणाऱ्या मावशींना होतो: आई ऑफिसातून येईपर्यंत 'एआ' म्हणजे केळं हे त्यांना कळतं. दुसरा फायदा पुढे डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर होतो.

शब्द मोजताना लोक कंजुषी करतात. 'भूभू', 'हम्मा', 'माऊ' हे शब्दच आहेत. 'बश' हाही शब्द. एकाच गोष्टीसाठी, स्वतःहून, पुन्हापुन्हा वापरला तर तो मोजायचा. आपण म्हटलेलं मूल लगेच तसंच म्हणालं, तर अजून नाही. घरात दोन भाषा असतील तर दोन्हींची बेरीज करा.

सुरुवातीला एक शब्द फार ताणलाही जातो. गाय, बकरी, म्हैस सगळे 'भूभू'. रस्त्यावरचा प्रत्येक मिशीवाला 'काका'. दिवा, चेंडू, पोळी, जे जे गोल ते 'चांदोबा'. उलटही घडतं: 'गाडी' म्हणजे फक्त आपली पांढरी, शेजाऱ्यांची ती गाडी नव्हेच. 'ही भूभू नाही' एवढ्यावर सोडू नका, नवं नाव आणि खूण दोन्ही द्या: 'ही हम्मा. बघ, शिंगं आहेत. हम्मा, गाय.'

उत्तर देण्याची रीत

मूल म्हणालं, 'तुत्ला आला.' त्यावर 'तुत्ला नाही, कुत्रा म्हण, क-क-कुत्रा' हे उत्तर बहुतेक घरांत मिळतं. त्यातून मुलाला दोन गोष्टी कळतात: आपण चुकलो, आणि कुत्र्यात कोणाला रस नाही. याऐवजी, 'हो, कुत्रा आला! काळा कुत्रा. शेपटी हलवतोय कुत्रा.' बरोबर शब्द तीनदा कानावर पडला, गप्पा पुढे गेल्या, परीक्षा झाली नाही. मुलाकडून तो शब्द परत वदवून घ्यायचा नाही. कान भरले की तोंड आपोआप येतं.

माप असं ठेवावं: मूल जितके शब्द बोलतं त्याहून एक-दोन जास्त. ते 'पानी' म्हणालं तर 'गार पाणी' किंवा 'पाणी हवं'. ते 'बाबा गेले' म्हणालं तर 'बाबा ऑफिसला गेले'. एका शब्दाला उत्तर म्हणून बारा शब्दांचं वाक्य दिलं तर त्यातला एकही त्याच्या हाती लागत नाही.

बोलून झाल्यावर थांबा. मनात सावकाश दहापर्यंत आकडे मोजा. हे वाचायला सोपं आणि करायला महाकठीण आहे, कारण मराठी घरात शांतता तीन सेकंदांवर टिकत नाही. मुलाने तोंड उघडायच्या आत आजी, आत्या आणि दादा मिळून उत्तर देऊन मोकळे होतात. 'काय हवंय रे त्याला? केळं हवंय? हां, केळं दे त्याला!' ज्याला न बोलता केळं मिळतं तो कशाला बोलेल? त्यापेक्षा केळं आणि चिकू दोन्ही समोर धरा, नावं घ्या आणि गप्प राहा. खाऊच्या डब्याचं झाकण घट्ट लावून डबा त्याच्या हातात द्या. बडबडगीताची ओळ म्हणताना शेवटचा शब्द गाळा आणि त्याच्याकडे पाहत राहा. मात्र ताणू नका: बोट दाखवलं, 'अं' म्हटलं, तरी ते उत्तरच आहे, नाव घेऊन वस्तू द्या.

मोठ्यांनी बाळभाषा बोलावी का, यावर घराघरांत वाद असतो. मंमं, भूर, गाई, बाऊ, शी, शू, टाटा ही मराठीची अस्सल बाळभाषा आहे आणि ती खुशाल वापरावी. हे शब्द छोटे, तोंडाला सोपे, काही तर ओठांवरचे. मुलाला बोलकं करतात. दीड वर्षानंतर त्यांना जोडीदार द्यायला लागा: 'गाई करायची? झोपायचं?' 'बाऊ झाला? गुडघ्याला लागलं?' वाईट आहे ते दुसरंच: मुलाचा बोबडा उच्चार उचलून आपणही 'ताताची दाडी' म्हणत बसणं. मंमं हा शब्द आहे, 'दाडी' ही मुलाची अडचण आहे. तिची नक्कल केली तर बरोबर उच्चार त्याने ऐकायचा कुठे?

'मी करलं', 'बाबा जाला'

अडीच-तीन वर्षांच्या आसपास एक विचित्र गोष्ट घडते. आतापर्यंत 'बाबा गेला', 'मी केलं' असं बरोबर बोलणारं मूल अचानक 'बाबा जाला', 'मी करलं' म्हणायला लागतं. आईवडील घाबरतात: येत होतं ते विसरलं की काय? विसरलेलं नाही, पुढे गेलंय. आधी ते 'गेला' हा अख्खा शब्द पाठ म्हणत होतं. आता त्याला नियम सापडलाय: बस–बसला, पड–पडला, उठ–उठला. मग जा–जाला का नाही? कर–करलं, दे–देलं, घे–घेलं, ये–येला, हो–होला, मर–मरला. एकही रूप कोणी त्याला शिकवलेलं नाही, घरात कोणी तसं बोलतही नाही. हे त्याचं स्वतःचं व्याकरण आहे आणि त्यातला तर्क बिनचूक आहे. वाकडी आहे ती मराठी. (प्यायला ऐवजी 'पिला' तर आता मोठेच सर्रास म्हणतात. तिथे मुलाला दोष देऊ नये.)

इथेही तीच रीत. 'मी करलं!' – 'हो, तू केलंस! एकट्याने केलंस!' महिन्याभरात बदल दिसेल अशी अपेक्षा नको. 'करलं' आणि 'केलं' बरेच दिवस शेजारी नांदतात, कधी एकाच वाक्यात, आणि मग एक दिवस 'करलं' गुपचूप निघून जातं. म्हणून ते आहे तोवर वहीत लिहून घ्या.

भूतकाळाची दुसरी मेख कर्त्याची. 'मी आलो', 'मी पडलो', 'मी गेलो' म्हणणारा मुलगा साहजिकच 'मी पोळी खाल्लो' म्हणतो, आणि मुलगी 'मी आंबा खाल्ले'. खाणाऱ्याला सोडून क्रियापद खाल्लेल्या वस्तूच्या मागे जातं, ही मराठीची चाल लहान मुलाला दगाबाजीच वाटावी. याला वेळ लागतो. लागू द्या.

मग 'व'. 'मला चढ', 'मला झोप', 'गाडी चाल', 'बाहुलीला जेव' या आज्ञा ऐकून मोठी माणसं गोंधळतात. मुलाला चढव, झोपव, चालव, भरव म्हणायचं असतं. दुसऱ्याकडून करवून घ्यायचा 'व' अजून हाती आलेला नसतो. 'चढवू तुला? हं, चढवलं!' असं म्हणत उचलून घ्या. क्रिया आणि शब्द एकदम घडले की तो 'व' पटकन पकडला जातो.

आंबाला, पाणीत आणि बाब्याला

'आंबा'ला 'ला' लावला की 'आंब्याला' होतं, पाणी 'पाण्यात' जातं, मुलगी 'मुलीला' होते. मुलाच्या तोंडी आधी सरळ जोडकाम येतं: आंबाला, पाणीत, मुलगीला, घोडावर. वर्षभर ऐकून ऐकून ते घोड्यावर, आंब्याला, डब्यात म्हणायला शिकतं. आणि लगेच नवी गंमत सुरू होते. घोडा–घोड्याला, डबा–डब्याला, तर बाबा–बाब्याला, काका–काक्याला! ते उर्मट नाही. बाबा, काका, मामा, दादा अशा नात्याच्या शब्दांना हा नियम लागू नाही, हा अपवाद त्याला कोणी कळवलेला नाही. अनेकवचनातही तेच: घोडा–घोडे, म्हणून 'दोन काके आले'. पाहुण्या काकांना आधी हसू द्या, मग म्हणा, 'हो, दोन काका आले.'

मी, तू, ती आणि 'अहो'

दिवसभर मुलाला सगळे 'तू' म्हणतात. 'तुला भूक लागली?' 'तुला कडेवर घेऊ?' म्हणजे आपलं नाव 'तू', असा निष्कर्ष ते काढतं आणि भूक लागल्यावर येऊन म्हणतं, 'तुला भूक लागली.' हे प्रश्न विचारल्यासारखं ऐकू येतं, पण ती मागणी असते. त्यावर 'तुला नाही, मला म्हण' असं सांगून पाहा: मूल म्हणेल 'मला', पण तुमच्या तोंडचं 'मला' म्हणजे तुम्ही! गुंता वाढतो. शब्दांऐवजी हात वापरा. त्याचा हात त्याच्याच छातीवर ठेवून त्याच्या वतीने म्हणा, 'मला भूक लागली.' आणखी सोपा मार्ग म्हणजे त्याच्यासमोर दोन मोठ्यांनी एकमेकांशी मी-तू खेळणं: 'हे माझं, हे तुझं', वस्तू इकडून तिकडे. दोघं बोलताना मी-तू जागा बदलतात हे त्याला बाहेरून दिसतं. तिसऱ्या वाढदिवसाच्या आसपास हा घोळ बहुतेक मिटतो. तोवर 'आई देते हं', 'बाळाला हवं का' असं नावाने बोलणं चालेल, पण सगळंच तसं नको. मी आणि तू कानावर पडायलाच हवेत.

लिंगाच्या घोळात दोष निखालस आपला. आपल्या घरात मुलाला तीनही लिंगांतून हाका मारतात. 'कुठे गेलं होतं माझं पिल्लू?' हे नपुंसकलिंग. मुलीला लाडाने 'काय रे राजा, आलास का?' हे पुल्लिंग. आणि मुलगा दिवसभर आईजवळ असेल तर 'मी' या शब्दामागे त्याच्या कानावर फक्त 'येते, जाते, करते' पडतं, म्हणून तोही 'मी शू करते' म्हणतो. हसून घ्या, पण त्याला बायकी वगैरे म्हणून चिडवू नका; आईचं 'मी' त्याने इमानदारीने उचललंय. बाबा, आजोबा, दादा यांनी त्याच्यासमोर 'मी जातो, मी करतो' म्हणत कामं करावीत आणि आईने त्याला 'तू करतोस का?' विचारत राहावं. कोल्हापूरकडे तर बायकाही 'मी आलो' म्हणतात. त्या घरातल्या मुलीने तसं म्हटलं तर दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

वस्तूंचं लिंग आणखी उशिरा येतं. 'माझा गाडी', 'माझी बॉल' चालू राहील. तुम्ही 'तुझी पिवळी गाडी', 'तुझा मोठा बॉल' असं विशेषण लावून बोला, म्हणजे लिंग दोनदा ऐकू येतं. पेन तो की ते, यावर मोठ्यांचंच एकमत नाही, तिथे मुलाला सोडून द्या.

आणि 'अहो'. आई बाबांना 'अहो' म्हणते, म्हणून मूलही बाल्कनीतून 'अहो, अहो!' हाक मारतं. बाबा आजीला 'आई' म्हणतात, म्हणून आजीही 'आई'. एकत्र कुटुंबात स्वतःच्या आईला 'वहिनी' म्हणणारी मुलंही असतात. बदलायचं असेल तर घरातल्यांनी मुलासमोर त्याच्या नात्याने बोलावं: 'बाबांना सांग', 'आजीला दे'. मुलाला समजावून काही होत नाही, घराची भाषा बदलली की दोन-तीन आठवड्यांत हाक बदलते. पण 'अहो' काही दिवस राहिलं तर कोणाचं काय बिघडतं?

काल-उद्याचं फार मनावर घेऊ नका. 'काल जाऊ', 'उद्या गेलो होतो' हे चार वर्षांपर्यंत चालतं. मागचे आणि पुढचे दोन्ही दिवस 'परवा' म्हणणाऱ्या भाषेत ते तसं रास्तच आहे. 'झोपून उठलो की जाऊ' असं घटनेला बांधून सांगितलं तर कळतं. 'लागणे'ही असंच भरकटतं: भूक लागली, शू लागली, थंडी लागली, तर 'मला आंघोळ लागली' का नाही? आणि 'पाणीबिणी पी' म्हटल्यावर 'बिणी कुठेय?' हा प्रश्न आला तर समजा, मूल प्रत्येक शब्द तपासून घेतंय.

घरगुती उपाय, मोबाइल आणि दोन भाषा

उशिरा बोलणाऱ्या मुलाला मधातून वेखंड चाटवायची, पोपटाने उष्टावलेला पेरू द्यायची पद्धत आहे. यातल्या कशानेही वाचा फुटत नाही. मधाबाबत कडक राहा: एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर विकार होऊ शकतो. जिभेखालचा पडदा कापला की मूल बोलेल, हाही गैरसमज. तो फार आखूड असेल तर काही अक्षरांना अडचण येते, पण शब्दच येत नसतील तर कारण दुसरीकडे शोधायला हवं.

मोबाइलवरची गाणी ऐकून मूल रंगांची इंग्रजी नावं घडाघडा म्हणतं आणि पाणी मात्र मागत नाही, हे चित्र आता नेहमीचं झालंय. पडदा बोलतो, पण थांबत नाही आणि उत्तराला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यासमोर बसवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त नाही. परगावच्या आजीशी व्हिडिओ कॉल ही वेगळी गोष्ट, तिथे समोरून उत्तर येतं.

दोन भाषांमुळे बोलणं उशिरा येत नाही. बेळगावात मराठी-कन्नड, मुंबईत मराठी-हिंदी, परदेशात घरी मराठी आणि डे-केअरमध्ये इंग्रजी, सगळं चालतं. 'बॉल पडला डाऊन' ही खिचडी तात्पुरती असते. मराठी बंद करा असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. ज्या भाषेत आईवडील भरभरून बोलतात तीच मुलाला जास्त शब्द देते.

केव्हा दाखवायचं

'त्याचे बाबाही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते' हे वाक्य आजीच्या प्रेमाचं असतं, पण त्यावर सहा महिने घालवू नका. वर्षाच्या मुलाने बाबाबा-दादादा अशी बडबड करायला हवी, बोट दाखवायला, टाटा करायला हवं. दीड वर्षाला एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांना 'बाबा आले', 'दुदू दे' अशी स्वतःची दोन शब्दांची जोडी नाही, किंवा तीन वर्षांना परक्या माणसाला बहुतेक बोलणं कळत नाही, तर तपासणी करा. नावाने हाक मारल्यावर वळत नसेल किंवा नजर देत नसेल तर वयाची वाट पाहायची नाही. येत असलेले शब्द गेले, तर लगेच. इथे 'करलं'चा प्रकार मोजू नका. तिथे शब्द जात नाहीत, त्यांचं रूप बदलतं.

अडीच ते चार वर्षांत 'मी मी मी मला' असं अडखळणं पुष्कळ मुलांत येतं आणि जातं. 'सावकाश बोल' असं टोकू नका, तुम्हीच सावकाश बोला आणि वाक्य पूर्ण होऊ द्या. सहा महिन्यांहून जास्त टिकलं, किंवा बोलताना चेहरा ताणला जात असेल, डोळे मिटले जात असतील, तर दाखवा.

पहिली तपासणी कानांची. 'आवाज केला की वळतो' यावर भागवू नका. टाळी ऐकू येते आणि 'स', 'त' निसटतात असं होऊ शकतं. सततच्या सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तरी तसंच. ओएई (कानाच्या आतल्या भागाची) आणि बेरा (कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेची) या तपासण्या लहान मूल शांत किंवा झोपलेलं असताना करता येतात. सरकारी सोय हवी तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे: अंगणवाडीत येणाऱ्या पथकाला सांगा, ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे.

जाताना दोन गोष्टी सोबत न्या. एक ती शब्दवही. दुसरी, घरी खेळताना काढलेले दोन-तीन मिनिटांचे दोन-तीन व्हिडिओ, एक तरी जेवतानाचा. नव्या खोलीत, पांढऱ्या कोटासमोर बहुतेक मुलं आईच्या ओढणीत तोंड खुपसून बसतात आणि 'दाल' तर सोडाच, 'अं'सुद्धा म्हणत नाहीत.